ब्लूज गिटारवर पोट भरायचं ठरवलंत, तर

दर महिन्याला कुणाचा तरी मेसेज येतो: 'ताई, नोकरी सोडून ब्लूज वाजवायचं म्हणतोय, जमेल का?' मी डोंबिवलीत राहते. गेली चौदा वर्षं मुंबई, पुणे आणि गोव्यात गिटार वाजवते, शिकवते, आणि घर त्यावरच चालतं. म्हणजे जमतं. पण ते ज्या क्रमाने जमतं, तो क्रम बहुतेकांना उलटा वाटतो. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझी आई सोसायटीच्या भजनी मंडळात पेटी वाजवायची. मी शाळेत असताना शेजारी बसून बघायचे. ती म्हणायची, 'गाणारीला श्वास घ्यायला जागा ठेवायची. पेटी किती छान वाजली हे कुणी विचारत नाही, पण सूर सुटला तर सगळ्यांना कळतं.' ब्लूजमध्ये पुढे मला हेच कामाला आलं. नवीन मुलांना सोलो यायला हवा असतो, आणि काम देणाऱ्यांना हवा असतो साथ करणारा. गायक, हार्मोनिकावाला, दुसरा गिटारिस्ट, कुणाच्याही मागे नीट उभं राहता आलं की पुढच्या कामासाठी फोन येतो. खालचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

नोकरी लगेच सोडू नका

ब्लूज अमेरिकेतल्या मिसिसिपी डेल्टातल्या कृष्णवर्णीय मजुरांचं संगीत आहे. गुलामगिरी कायद्याने संपली, पण कापसाच्या शेतात वाट्याने राबणं आणि डोक्यावरचं कर्ज संपलं नाही. आठवडाभर शेतात, आणि शनिवारी रात्री एखाद्या लाकडी खोपटात नाच, दारू आणि गिटार. वाजवणारेही त्याच शेतातले. गायक-गिटारिस्ट मडी वॉटर्स १९४३ साली स्टोव्हॉल मळा सोडून शिकागोला आले, तेव्हा दिवसा मजुरी करायचे, ट्रक चालवायचे आणि रात्री लोकांच्या घरच्या पार्ट्यांत वाजवायचे. गिटारिस्ट बडी गाय १९५७ साली शिकागोत आले; नाव झाल्यावरही ते कित्येक वर्षं बंद पडलेल्या गाड्या ओढणारा ट्रक चालवत होते. दिवसाची नोकरी आणि रात्रीचं वाजवणं ही या परंपरेतली कमीपणाची गोष्ट कधीच नव्हती.

तेव्हा माझा नियम असा: सलग बारा महिने वाजवण्या-शिकवण्यातून घरखर्च निघाला आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला पडला, तरच राजीनामा. बारा महिने का, तर आपल्याकडे वर्ष सारखं नसतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी कामं असतात, मग ती कमी होत जातात, आणि पावसाळ्यात उघड्यावरची ठिकाणं बंदच असतात. डिसेंबरची कमाई पाहून निर्णय घेतलेले दोघे माझ्या ओळखीत आहेत. दोघेही जुलैत परत नोकरी शोधत होते.

अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन

बारा बारचा (बार म्हणजे मात्रांचा एक गट) साचा हा पाया. ए च्या पट्टीत घ्या: पहिले चार बार ए सेव्हन कॉर्ड, दोन डी सेव्हन, दोन परत ए सेव्हन, मग एक ई सेव्हन, एक डी सेव्हन, एक ए सेव्हन आणि शेवटचा ई सेव्हन. बारमध्ये चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. शेवटच्या दोन बारांना टर्नअराउंड म्हणतात. त्याचं काम आपल्याला समेवर आणून सोडायचं. गाण्याची ओळ पहिल्या दोन बारांत संपते आणि पुढच्या दोन बारांत गिटार उत्तर देते. तीच ओळ पुन्हा येते, पुन्हा उत्तर, आणि तिसरी ओळ विचार पूर्ण करते. गायक गात असताना मध्ये घुसायचं नाही, उत्तराची जागा आपली आहे.

आता शफल. प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे करा, पहिला आणि तिसरा वाजवा, मधला मोकळा सोडा. ऐकायला सोपं आहे, पण पाच मिनिटं एका लयीत वाजवून बघा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर लावा आणि त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असं धरा. म्हणजे गाणं १२० च्या लयीत चालेल आणि सम तुम्हाला स्वतःला धरून ठेवावी लागेल. मी हे रोज वीस मिनिटं करते, आजही. नवीन विद्यार्थ्याला पहिले दोन महिने सोलो शिकवत नाही, फक्त हेच. काही जण सोडून जातात. राहतात त्यांची लय पुढे कुणाला दुरुस्त करावी लागत नाही.

बारा बारशिवाय आठ बारचा, सोळा बारचा, मायनरमधला आणि अगदी संथ लयीतला ब्लूज हातात हवा. दुसऱ्या बारलाच डी सेव्हनवर जाण्याला 'क्विक चेंज' म्हणतात, तोही. सगळं ए आणि ई मध्येच करू नका. सोबत सॅक्सोफोन-ट्रम्पेट असले की ते एफ आणि बी फ्लॅट मागतात, आणि तिथे अनेक गिटारिस्ट गडबडतात.

सोलोकडे वळाल तेव्हा आपल्या कानांना एक फायदा आहे. ज्याला मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात ते धानी रागाचे स्वर: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. मेजर पेंटॅटॉनिक म्हणजे भूप. पण ब्लूजमधला गंधार ना पुरता कोमल, ना पुरता शुद्ध. तो दोघांच्या मधे कुठेतरी, तार किंचित ओढून लागतो. लहानपणापासून मींड ऐकलेल्या माणसाला ही जागा लवकर ऐकू येते. बोटाला ती सापडायला मात्र वर्षं लागतात. तार ओढताना जोर बोटाचा लावू नका, मनगट फिरवा.

कुणाला ऐकायचं

सगळे बी. बी. किंग आणि स्टीव्ही रे वॉनपासून सुरुवात करतात. करा, त्यात गैर काही नाही. पण कामासाठी शिकायचं तर साथ करणाऱ्यांना ऐका. मडी वॉटर्सच्या बँडमध्ये दुसरी गिटार जिमी रॉजर्स वाजवायचे. गायक जिमी रीडच्या मागे त्यांचे लहानपणचे मित्र एडी टेलर असायचे. लिटल वॉल्टरच्या हार्मोनिकामागे काही काळ रॉबर्ट लॉकवूड ज्युनियर होते, ज्यांनी गिटारचे धडे थेट रॉबर्ट जॉन्सनकडून घेतले. यातला एक माणूस निवडा आणि महिनाभर त्याचीच गिटार ऐका, गायकाकडे दुर्लक्ष करून. तो कुठे थांबतो ते वहीत लिहा. काय वाजवलं हे लिहिण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. रॉबर्ट जॉन्सन स्वतः एकट्याने हे सगळं करत: १९३६ साली सॅन अँटोनियोत आणि १९३७ साली डॅलसमध्ये ध्वनिमुद्रित झालेली त्यांची २९ गाणी हीच काय ती त्यांची शिल्लक, आणि त्यात खालच्या तारांवरची साथ आणि वरच्या तारांवरचं उत्तर एकाच हातातून येतं.

पहिला जॅम

कामं जाहिरातीतून मिळत नाहीत, जॅममधून मिळतात, म्हणजे जिथे कुणीही येऊन आयत्या वेळी एकत्र वाजवतात तिथून. तुमच्या शहरात कोणत्या कॅफेत किंवा स्टुडिओत मोकळं जॅमिंग चालतं ते शोधा. पहिल्या दोन वेळा गिटार न नेता जा. कोण चालवतं, नाव कुठे द्यायचं, आवाज किती असतो, हे बघा. ड्रमरशी ओळख करून घ्या. शहरात गिटारिस्ट भरपूर असतात, चांगले ड्रमर मोजके. कोणत्या बँडला माणूस हवाय हे सगळ्यात आधी त्यांना कळतं.

मंचावर गेल्यावर गाणं सांगणाऱ्याने चार गोष्टी सांगायच्या: की (पट्टी) कोणती, लय कोणती, क्विक चेंज आहे का, आणि सुरुवात कुठून. 'ए मध्ये शफल, क्विक चेंज, टर्नअराउंडवरून' एवढ्या एका वाक्यावर चार अनोळखी माणसं एकत्र वाजवू शकतात, ही या संगीताची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे. हार्मोनिकावाला असेल तर त्याला आधी विचारा. त्याच्या हातात ए ची हार्मोनिका असेल तर त्याला बहुतेक वेळा ई मधलं गाणं हवं असतं, डी ची असेल तर ए मधलं.

दुसऱ्याचा सोलो चालू असेल तेव्हा गिटारचा व्हॉल्यूम खाली घ्या, तारा हलक्या दाबून फक्त ठेका द्या. दोन गिटार असतील तर एकाच जागी तेच कॉर्ड वाजवू नका; तो खाली असेल तर तुम्ही वर जा. सोलो दोन आवर्तनं. तिसरं आवर्तन कुणी मागितलं तरच. माझ्या पहिल्या जॅममध्ये मी पाच आवर्तनं वाजवली आणि खाली आल्यावर कुणी माझ्याशी बोललं नाही. पुढच्या खेपेला पूर्ण वेळ साथ केली. निघताना बासिस्टने नंबर मागितला.

गिटार, ॲम्प आणि आपली हवा

महाग गिटार घेऊ नका. मध्यम किमतीची, जमल्यास कुणीतरी वापरलेली गिटार घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या कारागिराकडून सेटअप करून घेण्यावर खर्च करा. मुंबईत धोबीतलावला फुर्ताडोजसारखं १८६५ पासूनचं दुकान आहे. तिथे जाऊन दहा गिटार हातात घेऊन बघितल्या तरी बरंच कळतं. मान हाताला बसते का आणि बाराव्या फ्रेटवर सूर नीट लागतो का, हे आधी पाहा, रंग नंतर. तारा दहाच्या गेजच्या (जाडीच्या) ठीक आहेत. वॉन तेराच्या तारा लावत, पण ते गिटार अर्धा सूर खाली लावून वाजवत.

मुंबई-गोव्याची हवा तारांची शत्रू आहे. वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्याने पुसायची, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या, जून ते सप्टेंबर कोटेड (लेप दिलेल्या) तारा वापरायच्या. पावसाळ्यात मान हलते. ट्रस रॉड (मानेतली सळई) फिरवायचा तर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही.

सुरुवातीला ट्यूनर, आवाज खरखरीत करणारा एक ओव्हरड्राइव्ह आणि घुमारा देणारा रिव्हर्ब एवढं पुरतं. पंधरा वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प छोट्या जागेला पुरून उरतो, पण तो लोकलमधून नेता येत नाही. मी बहुतेक कामांना छोटा डिजिटल प्रोसेसर नेते आणि थेट मिक्सरला जोडते. अमेरिकेतून कुणी ॲम्प आणून देत असेल तर तो १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला तर जळेल.

आणि ही गोष्ट कृपा करून हलक्यात घेऊ नका: अर्थिंग. एका हातात गिटारच्या तारा आणि ओठ माइकला, आणि दोन्ही जोडण्यांत फरक असेल तर शॉक लागतो. लग्नाच्या मंडपात, समुद्रकाठच्या शॅकमध्ये, जनरेटरवर मी हा अनुभव घेतलाय. जातानाच सॉकेट टेस्टर न्या, प्लग लावण्याआधी तपासा, आणि त्याने दोष दाखवला तर वाजवायला नकार द्या. तो नकार देताना मला कधी संकोच वाटला नाही.

पिशवीत कायम: तारांचे दोन संच, तीन केबल, अर्थिंगवालं एक्स्टेन्शन, चिकटपट्टी, टॉर्च, पिक, स्लाइड (तारांवर सरकवायची नळी) वाजवत असाल तर जास्तीची एक स्लाइड. काचेच्या स्लाइड फुटतात.

बिदागी ठरवताना

पहिल्या कामाची माझी बिदागी दीड हजार रुपये होती आणि रात्रीची टॅक्सी नऊशेची झाली. तेव्हापासून मी परतीचा खर्च वेगळा सांगते. शेवटची लोकल गाठायची म्हणून दुसरा सेट घाईत संपवावा लागू नये, आणि एकट्या मुलीला गिटार घेऊन रात्री दीडला स्टेशनबाहेर उभं राहावं लागू नये. मुलांनीही हे मागावं.

फोनवर ठरलं तरी लगेच मेसेज किंवा मेल लिहून 'बरोबर आहे ना?' असं विचारून होकार घ्या. त्यात तारीख, पोचायची वेळ, साउंड चेकची वेळ, किती सेट आणि प्रत्येकी किती मिनिटं (मी पंचेचाळीसचे दोन सांगते), साउंड सिस्टीम कुणाची, जेवण, प्रवास, रक्कम, आगाऊ किती, उरलेली कधी, आणि कार्यक्रम रद्द झाला तर काय, एवढं हवंच. अर्धी रक्कम आगाऊ मागा. एकदा एका रेस्टॉरंटमध्ये आम्ही चौघं पोचलो, सामान लावलं, आणि पाऊस आला. मालकांनी 'वाजवलंच नाही तर पैसे कसले' म्हणून हात वर केले. लेखी काही नव्हतं. बासिस्ट पुण्याहून स्वतःच्या खर्चाने आला होता, त्याचे पैसे मी दिले. तेव्हापासून रद्द होण्याचं कलम मी आधी लिहिते, रक्कम नंतर.

उघड्यावरची जागा असेल तर रात्री दहाचा नियम लक्षात ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही; राज्य सरकार वर्षातले काही ठराविक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देतं. नऊला सुरू करू म्हणणाऱ्या मालकाला साडेसातला सुरू करायला लावा, नाहीतर दुसरा सेट होणार नाही आणि बिदागीवरून वाद होईल. इतरांची गाणी सार्वजनिक ठिकाणी वाजवण्याचा परवाना काढणं आयोजकाचं काम आहे. हेही त्या मेसेजमध्ये लिहा.

पैसे बँडमध्ये कसे वाटायचे ते पहिल्या कामाआधी ठरवा. आमच्याकडे समान वाटणी, आणि ज्याने काम आणलं आणि फोनाफोनी केली त्याला एक छोटा जास्तीचा वाटा. बदली माणूस आला तर त्याची रक्कम आधी सांगून ठरवायची आणि त्याच रात्री द्यायची, आपले पैसे यायचे असले तरी.

हिशेब

कंपन्या आणि मोठी हॉटेलं टीडीएस (आगाऊ कर) कापून पैसे देतात, कलाकाराच्या मानधनावर बहुधा दहा टक्के. हे पैसे गेले असं समजून लोक सोडून देतात. विवरणपत्र भरलं आणि तेवढा कर बसत नसेल तर ते परत मिळतात. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर कापलेली रक्कम दिसते का ते बघा. तारा, प्रवास, दुरुस्ती, तालमीच्या खोलीचं भाडं, सगळ्याच्या पावत्या एका पाकिटात ठेवा. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर जायला लागली की जीएसटी नोंदणीचा विषय येतो. तोवर एक चांगला सीए आणि साधी वही पुरते.

शिकवणं

मला विचाराल तर भाडं शिकवण्यातून निघतं आणि वाजवण्यातून बाकीचं. पाच-सहा विद्यार्थी असले की जुलै-ऑगस्ट निभावतात. माझे दोन विद्यार्थी न्यू जर्सीत आहेत. त्यांची शनिवार सकाळ, माझी संध्याकाळ. महिन्याची फी आगाऊ, आणि आयत्या वेळी रद्द केलेला तास भरलेला धरायचा. शिकवण्याने आपलं वाजवणं सुधारतं हेही खरं, कारण शफल कसा वाजतो हे शब्दांत सांगावं लागतं.

लग्नं, कंपन्यांचे कार्यक्रम, जाहिरातींचं रेकॉर्डिंग, हेही करा. तिथे ब्लूज क्वचितच मागतात. पण वेळेवर पोचणं, कमी आवाजात वाजवणं आणि समोरच्याचं ऐकणं तिथेही लागतं.

स्वतःचं गाणं

बारा बारचा साचा कुणाच्या मालकीचा नाही. शब्द आणि चाल मात्र असतात, आणि ब्लूजच्या इतिहासात त्या मालकीवरून फार अन्याय झालाय. ब्लूज गायक आर्थर क्रुडप यांचं गाणं १९५४ साली एल्विस प्रेस्लीने गायलं. क्रुडप शेतमजुरी करत राहिले, हक्काचे पैसे त्यांना फारसे मिळालेच नाहीत. विली डिक्सन यांनी शिकागोच्या कित्येक गायकांसाठी गाणी लिहिली. आपल्या एका गाण्याचे शब्द घेतल्याबद्दल त्यांनी लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडवर दावा लावला आणि १९८७ साली तडजोड झाली. त्याआधीच त्यांनी जुन्या कलाकारांना हक्क मिळवून देण्यासाठी एक संस्था काढली होती.

आपल्याकडे २०१२ च्या कायदा दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क बराच पक्का झाला. गाणी प्रसिद्ध करायला लागलात की आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्या आणि प्रत्येक गाणं नोंदवा. ज्या दिवशी गाणं तयार होईल त्याच दिवशी, सगळे खुशीत असताना, कुणाचा किती टक्के वाटा हे कागदावर लिहून सह्या करा. स्ट्रीमिंगमधून घर चालत नाही. पण कार्यक्रम देणारे आधी तुमचं रेकॉर्डिंग मागतात, आणि ते तीन गाण्यांचं, नीट वाजवलेलं, खरं असावं.

कोणत्या भाषेत गावं? मी इंग्रजीत गाते आणि दोन गाणी मराठीत केली आहेत. तिप्रिती खारबंगार आणि रूडी वालांग यांचा शिलाँगचा सोलमेट बँड २००३ पासून ब्लूज वाजवतोय आणि ते अमेरिकेत मेम्फिसला होणाऱ्या ब्लूज स्पर्धेपर्यंत पोचले. त्यांच्याकडून मी एवढं घेतलं की डेल्टातल्या माणसाचे उच्चार आणि दुःख उसनं आणायचं नाही. माझ्याकडे सकाळची सात बावन्नची फास्ट आहे, बंद पडलेल्या गिरणीतले आजोबा आहेत, त्यावर लिहिते.

कान आणि हात

८५ डेसिबलला आठ तास ही ऐकण्याची सुरक्षित मर्यादा मानतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात, आणि ड्रमशेजारी तेवढा आवाज सहज होतो. संगीतकारांसाठीचे इअरप्लग घ्या. कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर दुसऱ्या दिवशी हेडफोन लावू नका, आणि थांबली नाही तर डॉक्टरकडे जा. मनगट किंवा कोपर दुखलं की त्या दिवशी सराव बंद. मी एकदा दुखत असताना वाजवत राहिले आणि अडीच महिने घरी बसले.

पबमध्ये बिदागीसोबत फुकट दारू मिळते. दुसरा सेट होईपर्यंत मी फक्त पाणी पिते. आमच्यातले काही फार चांगले हात यात गेले आहेत.

महोत्सव आणि मेम्फिस

वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज महोत्सव होत आलाय. बडी गाय यांना मी तिथेच समोरून ऐकलं. तिकीट काढून जा, आणि ज्यांचं नाव फलकावर लहान अक्षरांत आहे त्या बँडच्या वेळेला आधी पोचा. नवीन बँडसाठी तिथे निवड स्पर्धाही झाल्या आहेत. मेम्फिसला बील स्ट्रीटवर इंटरनॅशनल ब्लूज चॅलेंज भरतं, त्यात बँड आणि एकटा-दुकटा असे वेगळे विभाग असतात.

पैसे साठवून एकदा शिकागो आणि मिसिसिपीला जाऊन या. पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन वाजवता येत नाही, तेव्हा जॅमला जायचं, नाव द्यायचं, आपली पाळी येईपर्यंत बसून ऐकायचं. बोलावलं की गिटारचा व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवून वर जा आणि पहिलं आवर्तन फक्त साथ करा.